करंगळीएवढी फट

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आप्पा आधी डाव्या हाताची करंगळी पुढे करत. आदल्या दिवशी जे काम अर्धं राहिलं असेल, खिडकीची जाळी असो की कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, त्याच्या दोन गजांमध्ये ती करंगळी घालून बघत. करंगळी निम्मीच होती. पुढचं पेर नव्हतं. ती नीट अडकली की मगच चहा.

आप्पा म्हणजे माझे वडील, सोपान. आळेफाट्याला नाशिकच्या रस्त्याकडेला त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ट्रकचे फाळके, शेडचे अँगल, शाळांची फाटकं, असलं काम. एका बाजूला रखमाजी टायरवाला, पलीकडे मांगीलाल शेठजींचं भुसार मालाचं दुकान.

दोन हजार एक साली आमच्याकडे उसात बिबटे वाढले. वनखात्याच्या एका ठेकेदाराने आप्पांकडून पिंजरा करून घेतला. आप्पांनी गजांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवलं. आतला प्राणी बाहेर येऊ नये, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. बाहेरून आत काय जाईल, याचा केला नव्हता.

पिंजरा चांगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात लावला. त्याच्या आईला, साळुबाईला, बिबट्याने गोठ्यापासून उसात ओढत नेलं होतं. तिला गोधडीत गुंडाळून घरी आणावं लागलं. पाचव्या दिवशी बिबट्या अडकला आणि पिंजऱ्याचं दार वाकलं म्हणून आप्पांना बोलावणं आलं.

ते पोचले तेव्हा दीडदोनशे माणसं पिंजऱ्याला चिकटली होती. गजांमधून काठ्या आत जात होत्या, पेटतं पाचट जात होतं. बिबट्या गज चावत होता. सुळे तुटले तरी चावत होता. चांगदेवने पहार उचलून फटीतून खुपसली. आप्पांनी ती मागे ओढायला धरली, तेवढ्यात त्याच फटीतून पंजा बाहेर आला. चांगदेवचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उसवला. आप्पांच्या करंगळीचं पेर तिथेच चिखलात पडलं. लोकांनी पहार पुन्हा उचलली. दुपारपर्यंत पिंजऱ्यात हालचाल राहिली नाही.

घरी आल्यावर आई ओरडली, रडली. आप्पा एवढंच म्हणाले, "फट माजी व्हती."

त्यानंतर त्यांनी जिवंत प्राण्यासाठी पिंजरा केला नाही. खुराड्याचं दारसुद्धा फक्त दुरुस्त करून देत.

पाच वर्षांनी मांगीलाल शेठजींच्या पत्नी, सज्जनबाई, पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून दुकानात आल्या. आत एक हॅमस्टर होता, हौसेने पाळतात तो परदेशी उंदीर. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने, प्रितमने, विकत घेतला आणि परीक्षा आली म्हणून आजीच्या गळ्यात टाकला. मुठीएवढा, बदामी रंगाचा, गालांत दाणे कोंबलेला. त्याचा मागचा पाय सोलून निघाला होता.

"विकतच्या पिंजऱ्यात तारांचं चाक होतं," सज्जनबाई म्हणाल्या. "पळता पळता पाय तारांत गेला. चाक फिरतंच राहिलं, सोपान. मला चांगला पिंजरा करून दे."

"शेठाणीबाई, पिंजऱ्याचं काम सोडलं मी."

"बिबट्याला केलास, उंदराला नाही?"

"बिबट्याला केला म्हनूनच."

"मग देते सोडून रस्त्यावर. तुझ्या दारातली मांजर वाटच बघतेय."

रखमाजी टायरवरून हात पुसत म्हणाला, "कर की राव. त्यो काय खानार तुजी बोटं? आन खाल्ली तरी साडेनऊ हायेत अजून!"

आप्पांनी खोक्यात हात घातला. हॅमस्टरने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. रक्ताचा थेंब आला तसे आप्पा पहिल्यांदा हसले.

"चावला का रे?" सज्जनबाईंनी विचारलं.

"चावला. दात शाबूत हायेत."

त्या मुठीएवढ्या जिवासाठी त्यांनी चार दिवस घालवले. गज इतके जवळ की निम्मी करंगळीही जाणार नाही. रंग दिला नाही. कुरतडलं तर पोटात जाईल. तळाला जाळी नको, सपाट पत्रा, वर वखारीतला भुसा वीतभर. पहिलं चाक त्यांनी वनस्पती तुपाच्या डब्याच्या झाकणाचं केलं. हॅमस्टर त्यात पळायला लागला तर त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली. आप्पांनी ते हातानेच चेपून फेकून दिलं. मग गोडेतेलाचा मोठा डबा कापला, पत्र्याचं वीतभराहून मोठं चाक वळवलं, कुठेही फट नाही, कडा आत दुमडलेल्या. आतून रखमाजीकडची ट्यूबची पट्टी लावली, पाय घसरू नयेत म्हणून. सायकलच्या हबवर बसवलं. फुंकर मारली तरी फिरायचं.

महिन्याभराने सज्जनबाई पुन्हा आल्या. पिंजरा त्यांनी आप्पांच्या पायाशी आदळला.

आत दोन हॅमस्टर होते. एकाचा कान फाटलेला. दुसरा अर्धाच उरला होता. डोकं नव्हतं, चाकाला लाल केस चिकटले होते.

"माझ्या घरात कांदालसूण येत नाही," सज्जनबाई म्हणाल्या. "आणि हे! तुझ्या पिंजऱ्याला रक्ताचीच सवय आहे."

खाली बसून आप्पांनी एकेका फटीत करंगळी लावली. सगळ्या बरोबर होत्या. मग त्यांनी वर बघितलं.

"दुसरा कवा घातला?"

"काल. एकटा जीव कसा राहील? दया केली मी त्याच्यावर."

"एकटाच राहतो त्यो," आप्पा हळू म्हणाले. "आन दुसऱ्याला नजरंआड व्हायला जागा न्हवती."

सज्जनबाई पदराने तोंड झाकून रस्ता ओलांडून गेल्या. वाचलेला हॅमस्टर आमच्याकडेच राहिला. पण तो आता बदलला होता. कुणी समोरून गेलं की गजांवर झेप घ्यायचा. गज चावून हिरड्यांतून रक्त काढायचा. आप्पांनी पत्रा कापला आणि पिंजऱ्याच्या चारी बाजू झाकल्या. वर तेवढी हवा ठेवली. चावण्याचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने चाकाची घरघर सुरू झाली. आप्पा ग्राइंडर बंद करून ती ऐकत बसले.

दोन हजार आठमध्ये गवत कापणाऱ्या एका बाईला बिबट्याने नेलं. वनरक्षक नवा पिंजरा मागायला आला. आप्पा तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. त्यांनी पिंजऱ्याला सगळीकडून पत्रा मारला. हवेसाठी भोकं पाडली, एकातूनही त्यांची निम्मी करंगळी जात नव्हती.

बिबट्या अडकला तो पुन्हा चांगदेवच्याच मळ्यात. आप्पा सकाळीच टेम्पोने गेले. पुढचं मला चांगदेवने सांगितलं.

बिबट्या दोनदा गुरगुरला आणि आत पडून राहिला. गर्दीला काहीच दिसेना. "पत्रा काढ!" "थोबाड बघू दे त्याचं!" आप्पा पत्र्याला पाठ लावून उभे राहिले. चांगदेव त्यांच्यासमोर गेला, टाक्यांचे वण असलेला हात त्यांच्या तोंडासमोर धरला.

"सोपान, माजी आय नेली त्यानं. येकदा बघू दे."

"त्यो ह्यो न्हाई, चांगदेव. त्यो आपुन मारला."

"सर बाजूला."

आप्पा सरले नाहीत. पहिले दगड पत्र्यावर वाजले. मग एक दगड आप्पांच्या कानशिलावर बसला. कुणाचा, ते चांगदेवलाही ठाऊक नाही. आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन तो आपल्याच माणसांना शिव्या देत राहिला.

वनरक्षक आईला भेटायला दवाखान्यात आला होता. म्हणाला, बिबट्याचे चारही सुळे शाबूत आहेत. बेशुद्ध आप्पांना ते ऐकू गेलं नाही. चौथ्या दिवशी ते गेले.

त्या सकाळी टेम्पोत चढण्याआधी त्यांनी दुकानातल्या छोट्या पिंजऱ्याचं झाकण उचलून आत पाहिलं होतं. टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून मला ओरडून म्हणाले, "प्रज्ञे, चाक वाजाया लागलंय बघ. खोबरेलाचं दोन थेंब सोड. लई नको."