बारवेचे झरे राखणारे अप्पा

नगर परिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून मी रुजू झाले, तेव्हा ओव्हरसियर शिवलिंगअप्पांच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बाई, ही चप्पल हापिसातली हाय. आपलं काम उन्हातलं हाय," म्हणाले. मला रागच आला होता. आज ते आठवून हसू येतं. पण अप्पांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहायला बसले ती हसून नव्हे. माझं डोकं तापलेलं आहे. संपादकांनी काटछाट न करता हे छापावं, एवढीच विनंती.

आमच्या गावात विकास कसा ठरतो, ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च जवळ आला की "निधी परत जाईल" अशी ओरड सुरू होते. मग धड रस्त्यावरच पेव्हर ब्लॉक, कमानीशेजारी दुसरी कमान! आधी नारळ फुटतो, नकाशा मागून निघतो. त्या वर्षी खालच्या गल्लीतली बारव, म्हणजे पायऱ्या उतरून जायची जुनी दगडी विहीर, 'जतन व सुशोभीकरण' या नावाखाली यादीत आली. अंदाजपत्रक दोन दिवसांत हवं होतं. मी बारव पाहिलीसुद्धा नाही. दुसऱ्या एका गावच्या तलावाचं अंदाजपत्रक पुढ्यात ठेवलं आणि आकडे बदलले. आतून सिमेंटचा गिलावा, वर फरशी, मधोमध कारंजं.

अप्पांनी कागद वाचले आणि मला थेट बारवेवर नेलं. शेवटच्या पायरीवर म्हणाले, "भिंतीला हात लावा." दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. "हेच झरे. तुमी ह्याच्यावर गिलावा मारणार, अन् कारंज्याला पाणी टँकरनं आणणार?" घागर भरायला आलेल्या कौसाबाई ऐकत होत्या. "आगं बाई, आमचं पानी कावून बंद करायलीस?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

सभेत अप्पांनी कामाला विरोध केला. ठेकेदाराची माणसं अंगावर धावून आली. "असलं अंदाजपत्रक केलं कुणी?" एका सदस्यानं विचारलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कागद माझ्या हाताखालून गेलाय. चूक माझी," म्हणाले. मी शेजारीच बसले होते, आणि गप्प राहिले. निधी परत गेला. गावानं अप्पांच्या नावानं बोटं मोडली. निवृत्तीच्या दिवशी साधा हार आणावा, असं कुणालाही वाटलं नाही.

तरी अप्पा दर आठवड्याला आपल्या गावाहून, नेकनूरहून, एसटीनं येत राहिले. ऊसतोडीहून परतलेल्या गल्लीतल्या जोडप्यांना घेऊन त्यांनी बारवेतला गाळ काढला, निखळलेले दगड चुन्यात बसवले. पुढं दुष्काळात सगळं गाव टँकरमागे धावत असताना खालची गल्ली या बारवेचं पाणी भरत होती. अप्पांना शिव्या देणारेही तिथं रांगेत उभे होते.

आता तीच माणसं शाल-श्रीफळ घेऊन उभी आहेत! गेल्या वर्षी मी बदलीनं परत आले, तर या वर्षीच्या आराखड्यात बारव पुन्हा हजर. तोच गिलावा, तेच कारंजं. माझ्याच जुन्या अंदाजपत्रकाची नक्कल, माझ्या चुकीसकट. वर भूमिपूजन अप्पांच्या हस्ते, सत्काराच्याच दिवशी. आणि गिलाव्याचं त्यांच्या कानावरही घातलेलं नाही. त्यांच्याच हातात कुदळ द्यायची आणि त्यांनीच राखलेले झरे बुजवायचे? काय म्हणावं या निर्लज्जपणाला!

परवा नेकनूरला जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सत्काराला येतो की. पण मी बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसणार. शाल द्यायची तर खाली येऊन द्या म्हणावं."

ती फाईल माझ्या टेबलावर आहे. त्या सभेत बोलायचं राहिलं, ते इथं सगळ्यांसमोर बोलते: ते अंदाजपत्रक माझं होतं, चूक माझी होती, अप्पांची नव्हती. या वेळी त्यावर माझी सही होणार नाही.

अप्पा, तुम्हांला भरपूर आयुष्य लाभो आणि गुडघे धड राहोत. वर्षानुवर्षं तुम्ही त्या पायऱ्या उतरून जावं, भिंतीला हात लावावा, आणि दर वेळी दगड ओला लागावा.