शिट्टीआधी वर जाणारा हात

सुमनताई ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या टेलिफोन खात्यातली ड्यूटी संपवून थेट मैदानावर आल्या होत्या आणि साडीचा पदर खोचून, स्टुलावर उभ्या राहून बास्केटबॉलच्या रिंगला नवी जाळी बांधत होत्या. मी दहा वर्षांची होते. सोबत आजोबा होते. लहानपणी मला सारखा दम लागायचा, म्हणून पहिली दोन वर्षे मी शाळेत गेलेच नाही. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून आयुष्य काढलेल्या आजोबांनी मला घरीच शिकवले. प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर मी अक्षरे गिरवली. वाचायला येण्याआधी मी चुका काढायला शिकले, असे आई अजून म्हणते. पुढे डॉक्टरांनी एखादा मैदानी खेळ सुचवला आणि आजोबा मला घेऊन ताईंकडे आले.

ताईंनी स्टुलावरूनच विचारले, "काय येतं तुला?"

मी घाबरून म्हणाले, "शुद्धलेखन."

ताई हसल्या नाहीत. "इथेही लागतं," म्हणाल्या आणि खाली उतरून त्यांनी माझ्या हातात चेंडू दिला. त्या दिवसापासून मैदानावर माझे नाव 'शुद्धलेखन' पडले. आज मी सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे काम करते, तरी ताईंच्या फोनची सुरुवात "काय शुद्धलेखन" अशीच होते.

ताईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहावे असे समितीने सुचवले तेव्हा मी दोनदा नकार दिला. ताईंच्या हाताखालून गेलेल्या मुलींत राज्याकडून आणि देशाकडून खेळलेल्या कितीतरी आहेत. संघात माझा क्रमांक बहुधा आठवा किंवा नववा असायचा, म्हणजे मी बाकावरच. शिवाय ताईंबद्दल लिहिताना एकही शब्द जास्तीचा पडू नये, ही मला फार काळजी आहे. ती का, ते पुढे येईलच.

ताईंची उंची बेताची. बास्केटबॉलमध्ये अशा खेळाडूच्या वाट्याला चेंडू पुढे आणण्याचे आणि दुसऱ्यांना देण्याचे काम येते. त्या कामात त्या इतक्या तरबेज होत्या की अनेक वर्षे भारतीय संघात त्यांची जागा पक्की होती. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरातून, वडिलांच्या सायकलवर मागे बसून त्या पहाटेच्या सरावाला जात. खेळाच्या जोरावर टेलिफोन खात्यात नोकरी मिळाली आणि त्या ऑपरेटर झाल्या. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ आले, मग मोबाईल आले आणि ऑपरेटरचे काम संपले. ताईंची एक सवय मात्र राहिली. समोरच्याने सांगितलेले त्या शब्द न शब्द परत म्हणून दाखवतात आणि आपल्यालाही म्हणायला लावतात. "एक आकडा चुकला की भलत्याच घरात घंटा वाजते," हे त्यांचे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीने ऐकलेले आहे.

दुसरी सवय हात वर करण्याची. ताई खेळत होत्या त्या काळी नियमच होता. पंचांनी फाऊल दिला की ज्या खेळाडूकडून तो झाला तिने गुणलेखकाकडे बघून हात वर करायचा. पुढे तो नियम गेला. ताईंच्या मैदानावर तो गेला नाही, उलट वाढला. इथे शिट्टीची वाट बघायची नाही. आपला हात दुसरीच्या मनगटाला लागला हे आपल्याला कळते, तेवढे पुरे.

या सवयीची किंमत सांगावी ती मंगलमावशींनी. त्या ताईंबरोबर भारतीय संघात होत्या. ऑलिंपिकसाठीची पात्रता फेरी परदेशात होती आणि आपला संघ आधीचे सामने हरून शेवटचा सामना खेळत होता. मंगलमावशी सांगतात, "फाऊल हिचा झाला आणि पंचांनी दिला माझ्या नावावर. माझे चार आधीच झालेले, हा पाचवा, म्हणजे मी बाहेर. मी निघालेही होते. तर ही हात वर करून उभी. हिचेही चारच होते. पाचवा स्वतःच्या नावावर घेतला आणि गेली बाकावर. वर मलाच म्हणते, मंगल, चेंडू नीट आण. अगं, मी कधी आणला होता चेंडू? मी उंच म्हणून खेळायचे." तो सामनाही भारत हरला. ताईंचा आंतरराष्ट्रीय खेळ तिथेच, बाकावर बसून संपला. मंगलमावशी अजून त्यावरून भांडतात. ताई म्हणतात, "चेंडू तू फार वाईट आणलास."

ताईंचे प्रेम असे कोरडेच असते. बारा वर्षांची असताना मला चष्मा लागला आणि तो फुटेल या भीतीने मी रिंगखाली जाईनाशी झाले. दुसऱ्या दिवशी ताईंनी माझा चष्मा मागून घेतला, पिशवीतून सुईदोरा आणि जुन्या हाफपँटचे इलॅस्टिक काढले आणि दोन्ही काड्यांना पट्टा शिवून दिला. "आता फुटायचा तर डोक्यासकट फुटेल," म्हणाल्या, "जा आत."

आता ती गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आपले मैदान ज्या ट्रस्टच्या आवारात आहे, त्यांची पुढची इमारत एका सॉफ्टवेअर कंपनीने भाड्याने घेतली होती आणि कंपनीला गाड्या लावायला जागा हवी होती. समोर डांबर घातलेले, पांढरे पट्टे मारलेले मैदान होतेच. ट्रस्टने कळवले की मैदान का ठेवावे याचे निवेदन द्या, बैठकीत निर्णय होईल. घरी कॉम्प्युटर असलेली मी एकटीच, त्यामुळे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मी लिहिले होते, 'ऑलिंपिक पात्रता फेरीत भारताचे प्रतिनिधित्व केलेल्या श्रीमती सुमन ओव्हाळ'. निवेदन एका पानात बसत नव्हते, दोन ओळी खाली जात होत्या. मी ते वाक्य कापले. उरले, 'ऑलिंपिक खेळाडू श्रीमती सुमन ओव्हाळ'. पान नीट बसले. ओळ बसत नव्हती हे खरे आहे, पण तेवढेच खरे नाही. कापल्यावर ते वाक्य जास्त वजनदार दिसत होते, हे मला दिसले होते आणि मी ते तसेच राहू दिले.

निवेदनाचा परिणाम लगेच झाला. ट्रस्टच्या अध्यक्षांचा ताईंना फोन आला. आपल्या आवारात ऑलिंपिक खेळाडू आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते, मैदानाची काळजी करू नका, बैठक हा आता उपचार आहे, असे ते म्हणाले. संध्याकाळी ताईंनी माझ्याकडे निवेदनाची प्रत मागितली आणि आम्हा सगळ्यांसमोर ती मोठ्याने वाचली. त्या ओळीशी थांबल्या. पुन्हा वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

मी हात वर केला.

"चुकून झालं?"

"अर्धं चुकून," मी म्हणाले.

ताईंनी प्रत घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "परवा बैठकीला तू माझ्याबरोबर चल."

एका मुलीचे वडील, देशपांडेकाका, तिथेच होते. ते म्हणाले, "अहो ताई, एका शब्दाचा प्रश्न आहे. मुली कुठे जातील खेळायला? आणि पात्रता फेरी म्हणजे ऑलिंपिकचीच ना?"

"देशपांडे, तुमची मुलगी मेडिकलची प्रवेशपरीक्षा देणार आहे ना यंदा?"

"हो."

"मग आजपासून डॉक्टर म्हणायचं का तिला?"

काका हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. सगळ्यांचेच चेहरे तसे होते. ते दोन दिवस मी जेवले नाही असे लिहिणार होते, पण जेवले. झोप मात्र लागली नाही. माझ्या एका शब्दामुळे मैदान राहणार होते आणि तोच शब्द परत घेतल्यामुळे जाणार होते.

बैठकीत ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निवेदनात एक चूक आहे. मी ऑलिंपिक खेळलेली नाही. पात्रता फेरी खेळले, आम्ही हरलो." मी हात वर केला आणि चूक माझी आहे असे सांगितले. आवाज फुटला नाही, म्हणून ताईंनी मला ते परत म्हणायला लावले.

अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे आपण ऑलिंपिकला गेलाच नाहीत?"

"दारापर्यंत गेले होते. आत नाही."

"मग मैदान आम्ही कशासाठी ठेवायचं?"

"ते निवेदनात कळणार नाही," ताई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी साडेपाचला येऊन बसा. चहा मी देईन."

अध्यक्ष आले, छत्री टेकवून बाकावर बसले. आम्ही खेळत होतो, पण मला चेंडू दिसत नव्हता, नुसती छत्री दिसत होती. अर्ध्या तासाने त्यांनी ताईंना विचारले, "या मुली मध्येच हात का वर करतात? शिट्टी तर वाजली नाही."

"फाऊल झाला की करतात."

"कोणी बघितलेलं नसताना?"

"त्यांनी बघितलेलं असतं."

अध्यक्ष आणखी अर्धा तास बसले. चहा गार झाला तो तसाच प्यायले. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "निवेदन तुमचं चांगलं होतं. एक ओळ सोडून."

मैदान राहिले. पूर्ण नाही, बाजूची लांब उडीची जागा गाड्यांना गेली, आणि आजही चेंडू बाहेर गेला की एखाद्या गाडीचा अलार्म वाजतो. ती गाडी बहुधा आपल्याच एखाद्या मुलीच्या आईची असते, कारण त्या कंपनीतल्या कितीतरी जणांच्या मुली आता ताईंकडे येतात. फाटकावर अध्यक्षांनी स्वतः मजकूर लिहून पाटी लावली आहे: 'येथे फाऊल स्वतःहून कबूल करावा. शिट्टी ही केवळ सोय आहे.' बाहेरचे लोक थांबून तिचा फोटो काढतात. आम्हाला ती वाचावी लागत नाही.

या ग्रंथाची प्रुफे तपासायचे कामही समितीने माझ्याकडेच दिले. मागच्या महिन्यात छापखान्यातून मुखपृष्ठ आले. त्यावर मोठ्या अक्षरांत होते, 'ऑलिंपिकपटू सुमनताई ओव्हाळ'. कोणीतरी प्रेमाने केलेली चूक होती. मी आजोबांची लाल पेन्सिल काढली, तो शब्द खोडला आणि समासात 'ऑलिंपिक पात्रता फेरी खेळलेल्या' असे लिहिले. एका शब्दाच्या जागी चार आल्याने ओळ लांबली, त्यामुळे अक्षर लहान करावे लागले. वाचकांनी मुखपृष्ठ पुन्हा पाहावे. ते थोडे गर्दीचे दिसते, पण खरे आहे. ताईंना दाखवले तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, "बसलं की गं सगळं."

ताई, तुम्हाला साठ वर्षे पूर्ण झाली. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नाही, हे मंगलमावशींनी मला सांगितले आहे, ते करावेत. अजून पुष्कळ वर्षे संध्याकाळचे साडेपाच तुमच्या मैदानावर वाजावेत, प्रकृती उत्तम राहावी आणि स्टुलावर चढून जाळी बांधायची तेव्हा स्टूल धरायला आम्हाला बोलवावे, एवढेच मागणे आहे. हा लेख मी पाच वेळा तपासला आहे. तरीही यात तुमच्याबद्दल एखादा शब्द जास्तीचा पडला असेल, तर तुम्ही सांगण्याआधीच, ताई, माझा हात वर आहे.