पाठमोरा तुकडा

पिकुनच्या टेबलावर आडव्या बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी लावलेले फिल्मचे तुकडे लोंबत असत. बँकॉकच्या त्या स्टुडिओत तेव्हा सिनेमे मुकेच निघत. बोलणं मागाहून, गावोगावच्या देवळांच्या जत्रांत. प्रोजेक्टरशेजारी माइक धरून बसलेला एकच माणूस नायक, नायिका, खलनायक आणि वेळ पडली तर कुत्राही व्हायचा.

पाकनामपो गावाकडचा असा बोलणारा म्हणजे थोंगयू. सगळा स्टुडिओ त्याला लुंग म्हणे, लुंग म्हणजे थोरला काका. फिल्मचे डबे न्यायला आला की तो आधी पिकुनला धरायचा. "पोरी, तुझ्या कात्रीला दम लागत नाही, मला लागतो. एकाचं तोंड मिटत नाही तोवर तू दुसऱ्याचं उघडतेस."

म्हणून नव्या सिनेमात तिने एक लांब तुकडा ठेवला. आई मुलाला नदीच्या धक्क्यावर सोडून होडीत बसते, आणि पडद्यावर नुसती तिची पाठ दूर जात राहते. ओठ दिसत नाहीत, तेव्हा लुंगला हवं ते आणि हवं तेवढं बोलता येईल, असा तिचा विचार.

दिग्दर्शक वीरात यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आई झालेल्या नायिकेचा रडता चेहरा कापलेला, दोरीवरच लोंबत होता. "लोक चेहऱ्यासाठी येतात. पाठी बाजारातही दिसतात."

पिकुनने एका जत्रेपुरती मुभा मागितली. ती मिळाली, पण लोक उठून गेले तर या टेबलाशी दुसरं कुणी बसेल, हेही त्यांनी सांगून टाकलं. घरी दोन धाकट्या बहिणी तिच्या पगारावर शिकत होत्या.

जत्रेत लुंगने आईचा निरोप बायकी आवाजात तिला म्हणून दाखवला. चांगला ऐसपैस होता. पिकुन निश्चिंत झाली.

अंधार पडला, सिनेमा सुरू झाला. होडी हलली, पाठ आली, आणि माइकमधून काहीच आलं नाही. नुसती जनरेटरची घरघर. वीरात मान वळवून पिकुनकडे बघू लागले. ती चटयांवरच्या माणसांकडे बघत होती, कोण उठतंय म्हणून. कुणीच उठलं नाही. केळी भाजणारीचा पंखा हातातच राहिला. मग पुढून एक म्हातारी हळूच म्हणाली, "वळून बघ गं."

"बघेल, बघेल," दुसरी म्हणाली.

होडी वळणाआड गेली. आईने वळून पाहिलं नाही.

खेळ संपल्यावर वीरात एवढंच म्हणाले, "तो चेहरा जपून ठेव. पोस्टरला लागेल."

पिकुनने लुंगला गाठलं. "एवढा निरोप रचला होता, त्याचं काय झालं?"

"पाणी पीत होतो," लुंग म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा सवड मिळाली. ग्लास खाली ठेवतो तर लोकच बोलतायत. मग मी कशाला मध्ये पडू?"

पुढे पिकुनच्या टेबलावर पाण्याचा ग्लास कायमचा आला. पाठमोरा तुकडा हाती आला की ती फिल्म सावकाश पुढे सरकवत एक घोट घेई, आणि तो गळ्याखाली उतरला की मगच कात्री लावी.