जाळीच्या दाराचा पीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं त्या सुनेला, शीतलला, तर नाहीच. माझी एक चूक मी तिच्यावर ढकललीय. आता तुम्हाला सांगतोय, पण नीट सांगेन का, कोण जाणे. घरात गोष्टी रंगवून सांगणारा मीच, आणि ही गोष्ट तर मी फारच रंगवलीय.

नात चालायला लागली आणि आमच्या घराला बंदोबस्त लागला. आमचा मळा बेल्ह्याच्या अलीकडे. तीन बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. म्हणून घरापुढच्या ओट्याला तारेची जाळी ठोकली, तिला दार केलं. आतही तेच. कपाटांच्या मुठी नाडीनं बांधलेल्या, प्लगांवर चिकटपट्टी, साखरेचा डबा आणि माझ्या बीपीच्या गोळ्या माळ्यावर. दीड वर्षाच्या पोरीसाठी केलेल्या या सापळ्यात सापडलं कोण? मी. चष्मा पाहिजे तर स्टूल आणा. स्टूल आणलं की शीतलची हाक — “आबा, स्टूल उचलून ठेवा, ती चढंल.” आणि पोरगी? कपाटाची गाठ ती माझ्याआधी सोडायची.

जाळीच्या दाराची कडी तिनं दोन दिवसांत शिकून घेतली. मग शीतलनं तिथं जाड तार लावली — जाताना पीळ सोडायचा, दार ओढून पुन्हा पीळ द्यायचा. दोन्ही हात लागतात. गोठ्याकडे दिवसातून माझ्या दहा खेपा. दहादा सोडा, दहादा पिळा. किती चिडायचो म्हणून सांगू? तोंडानं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

शीतल तेव्हा आळेफाट्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. त्या संध्याकाळी ती आली, आत गेली. थोड्या वेळानं मी पेंडीची बादली घेऊन गोठ्याकडे गेलो. आणि मग बायकोची हाक — पोरगी कुठाय?

सापडली उसाच्या कडेला. बांधावर बसून ढेकळं फोडत होती, एकटी. दिवस मावळलेला, आणि चारच दिवसांपूर्वी शेजारच्या मळ्यातलं कुत्रं बिबट्यानं नेलेलं. पोरीला काही झालं नाही. शीतलनं तिला उचलून छातीशी धरलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “आबा, मी पीळ दिला व्हता ना?”

किती सोपा प्रश्न — नाही का?

मी म्हणालो, “मी निघालो तवा दार उघडंच व्हतं.”

उघडं नव्हतं. पीळ होता, चांगला घट्ट. बादली खाली ठेवून तो मीच सोडला. तेवढ्यात मोबाईल वाजला. मोबाईल कानाला, बादली हातात — दार कोपरानं ढकललं आणि मनात म्हणालो, परत कोण पिळत बसतंय. विसरलो नव्हतो. कंटाळलो होतो.

आठवड्याभरात तिनं नोकरी सोडली. मुलाला म्हणाली, “मला दार लावल्याचं आठवत न्हाई, अन् मी लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहायची?” मी शेजारी बसून चहा पीत होतो. चहा संपवला.

आणि मग — हे त्याहून वाईट — मी त्याचा किस्सा केला. बारशाला सांगितला, हळदीला सांगितला. सून मोबाईलवर बोलतेय, आणि मागून पोरगी ऐटीत उसाकडे निघालीय. तो मोबाईल तिच्या कानाला मी लावला, बरं का. लोक लई हसतात.

परवा जुन्नरला भावकीत जेवण होतं. कुणीतरी म्हणालं, “राव, ते जाळीच्या दाराचं सांगा की.” मी टाळायला बघितलं. तर वाढता वाढता शीतलच म्हणाली, “सांगा ना आबा. ती येडी मीच.” आणि तिनंच सांगायला घेतलं. “मी माझ्या आईशी मोबाईलवर बोलत व्हते, पर्स खुंटीला अडकवताना मागं वळून बघितलं, दार उघडं दिसलं, तरी तशीच आत गेले —”

हे वळून बघणं मी कधी सांगितलेलं नाही. हे तिला आता आठवतं.

सगळे हसले. मीही हसलो. ताट पुढं केलं, तिनं भात वाढला.