तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

डिंपना मॅकग्रीव्हीने किलक्रीवीत चौतीस वर्षं टपाल वाटलं. लोकांची पत्रं तिने कधी उघडली नाहीत, पण कान मात्र सदैव उघडे ठेवले. कोण धारा काढताना गातो, कुणाचं अकॉर्डियन कपाटावर धूळ खात पडलंय, कुठल्या म्हाताऱ्याला लांबलचक कविता तोंडपाठ आहे, सगळं तिला ठाऊक. म्हणूनच गावच्या फुटबॉल क्लबाने तिला सांस्कृतिक अधिकारी केलं. नाव भारदस्त, काम एकच. थंडीत मैदानं चिखलात बुडाली की क्लबाक्लबांमध्ये नाचगाण्यांची स्पर्धा होते, 'स्कोर' म्हणतात तिला. तिच्यासाठी खेळाडूंना पटवायचं.

आता हे गडी भर पावसात एकमेकांच्या बरगड्या मोडायला एका पायावर तयार, पण नाचाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटतो. डिंपना सराव संपायच्या वेळी हॅमचे सँडविच घेऊन ड्रेसिंग रूमचं दार अडवून उभी राहायची.

"डिंपना, माझा गुडघा दुखतोय गं," कॉनल म्हणायचा.

"रविवारी शेवटच्या मिनिटाला गोल मारलास तेव्हा कुठे गेला होता रे तो गुडघा?"

तिचा सगळा भरवसा एका रिवाजावर होता. किलक्रीवीत पाहुण्याला चहा विचारला की पहिलं 'नको' शिष्टाचाराचं, दुसरं 'नको' तुम्हाला त्रास नको म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप'. गाण्याचं आणि नाचाचंही तसंच. पहिल्या झटक्याला 'हो' म्हणणारा माणूस गावाला आगाऊ वाटतो. नव्या पोरांना डिंपना बजावून सांगायची, "तीनदा विचारल्याशिवाय कुणाचं 'नाही' घेऊन घरी जायचं नाही."

तरीही किलक्रीवीचं नाव अकरा वर्षं स्पर्धेच्या यादीत नव्हतं. यंदा मात्र तिने खनपटीला बसून समूहनाचासाठी तीन जोड्या जमवल्या होत्या. कॉनल होता, मुलींच्या टीमची गोलकीपर होती. पण नाचाला आठ माणसं लागतात, सहा नाही. क्लबाचा सेक्रेटरी पॅकी तिला चर्चबाहेर गाठून म्हणाला, "शुक्रवारपर्यंत अर्ज गेला नाही, तर वार्षिक सभेत ते पदच बंद करू या डिंपना. तुला तरी या वयात वणवण कशाला?" कळवळ्याने म्हणाला मेला, म्हणूनच जास्त लागलं. निवृत्तीबरोबर पोस्टाची गाडी गेली होती; आता हेही गेलं तर कुणाच्या दारात जायला तिला निमित्तच उरणार नव्हतं.

राहिला होता कोलमन फीरिक. अंगाने दारासारखा रुंद, एकेकाळचा बचावफळीतला फुलबॅक, पण नाचायला लागला की खालच्या फरशीला पत्ता लागायचा नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याने नकार दिला आणि बाकीच्या पुरुषांचाही धीर सुटला. त्यानंतर ट्रॅक्टरवरून समोरासमोर गेला तरी तो स्टिअरिंगवरचं एक बोट उचलत नसे. आमच्याकडे तेवढा नमस्कार तर वैऱ्यालाही करतात.

गुरुवारी दुपारी डिंपना त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. गाईंचं झालं, हवेचं झालं.

"कोलमन, समूहनाचाला येशील?"

"नाही."

"अरे, तुझ्यावाचून अडलंय. ये ना."

"नाही म्हटलं ना."

त्याचा चेहरा असा घट्ट झाला की डिंपनाचं अवसान गळालं. तिने मुकाट्याने स्कार्फ उचलला.

कोलमनने टेबलावर थाप मारली. "हे बघ! पुन्हा तेच! दोनदा विचारायचं आणि स्कार्फ उचलायचा!"

"म्हणजे?"

"त्या वेळीही असंच केलंस. साऱ्या गावाला तीनदा विचारतेस, मला दोनदा! मी बूट पॉलिश करून पलंगाखाली ठेवले होते. आईने त्या खोलीतून सगळं ऐकलं. म्हणाली, 'गेली? दोनदाच विचारून?' "

डिंपनाने स्कार्फ पुन्हा मांडीवर ठेवला. त्या दिवशी आतल्या खोलीत म्हातारी खोकत होती. आजारपणाच्या घरात फार ताणू नये, म्हणून ती उठली होती. तिने माया केली होती आणि त्याने तो अपमान म्हणून अकरा वर्षं सांभाळला होता. तिला हसूही आलं आणि रडूही.

"चुकले रे. आता तिसऱ्यांदा विचारते. येशील?"

"येईन की," तो लगेच म्हणाला. "जोडीला कोण?"

"बघते कुणीतरी."

"तू ये."

"मी? छे! मी नाचवते, नाचत नाही."

"पूर्वी नाचाच्या सरावाला जो येत नसे त्याच्या जागी तूच उभी राहायचीस. आठही जागा तुझ्या पायांना पाठ आहेत. मी पाहिलंय. ये."

"नको रे, सदुसष्टची म्हातारी मी, लोक हसतील."

कोलमन पाठ फिरवून किटलीत पाणी भरू लागला.

दोन झाले, डिंपनाच्या मनात आलं. इतक्या वर्षांत तिने किती जणांना विचारलं असेल, पण तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं आणि हे तिच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता हा तिसऱ्यांदा विचारतो की नाही? नळाचं पाणी थांबलं. तिने स्कार्फ मुठीत आवळून धरला. कोलमनची अकरा वर्षं कशी गेली असतील, ते तिला तेव्हा कळलं.

किटली शेगडीवर ठेवून तो वळला. "डिंपना, येशील का—"

"येईन!"

तिने अर्ज काढला आणि उरलेल्या दोन ओळी भरल्या. कोलमन आतल्या खोलीत जाऊन बूट घेऊन आला. त्यांच्यावर धुळीचा कणही नव्हता.

"दर जानेवारीत पॉलिश करतो," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, तू आलीसच तर."