पोटभर तेल

बाबांनी डिझेलची नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने निम्म्या तेलुगूत, निम्म्या हिंदीत बजावलं होतं. पहिले हजार किलोमीटर इंजिन रुळू द्या, एकदम दामटू नका, आणि इंजिनमधलं तेल मोजपट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्येच असू द्या. बाबांनी मान डोलावली. मी तेव्हाच ओळखलं, की हे एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर गेलं आहे.

बाबांचं सगळं आयुष्य आधी बैलगाडीवर आणि मग ट्रॅक्टरवर गेलं. नव्या बैलगाडीचा आख तेल पितो, म्हणून सुरुवातीला हात सैल सोडून वंगण द्यायचं, हे आमच्या सीमेवरच्या गावांत कुणाला सांगावं लागत नाही. तोच न्याय त्यांनी गाडीला लावला. रोज संध्याकाळी बॉनेट उघडायचं आणि डब्यातून घोटभर तेल ओतायचं. एखाद्या दिवशी देवापुढचा दिवा चुकेल, पण हे चुकायचं नाही.

"बाबा, तेल खुणेच्या पार वर गेलं," मी पट्टी पुसून, बुडवून त्यांच्यापुढे धरली.

"नवं इंजन हाय. पोटभर पाजल्याबिगर दम कसा धरंन? तू शाळेतल्या पोरायले शिकव, मले नको शिकवू."

अति तेथे माती, असं मी म्हणाले. आईने माझ्याकडे डोळे वटारले. थोड्याच दिवसांत गाडी सुरू केली की मागून निळसर धूर निघू लागला. दोरीवरच्या कपड्यांना त्याचा वास लागायचा. बाबा म्हणायचे, नवेपणाचा आहे, जाईल. मला मात्र तो धूर पाहिला की बाबांच्या हट्टाचा राग यायचा.

मग एका रविवारी आम्ही निर्मल गावी मावशीकडे निघालो. बाबा चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. घाटाचा चढ लागला आणि मागचे ट्रक धुरात दिसेनासे झाले. बाबांनी वेग कमी करायला पाय उचलला. इंजिनचा आवाज मात्र वाढतच गेला.

त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली, न्यूट्रल केली, किल्ली फिरवली आणि काढूनच घेतली. किल्ली त्यांच्या हातात, आणि इंजिन किंचाळतंय. त्याला आता डिझेलची गरजच नव्हती. रोज पाजलेलं तेलच ते जाळत होतं. समोर बुटका कठडा होता आणि कठड्यापलीकडे दरी.

"उतरा दोघी!" बाबा ओरडले. "ट्रॅक्टरवानी गेरात घालून बंद पाडतो याले. गाडी कुठं उडी घेईन, भरवसा नाही."

मी उतरले, आईच्या बाजूचं दार उघडलं, तिचा पट्टा सोडवला. धुराने डोळे चुरचुरत होते. मी तिचा दंड धरून ओढला. ती हलली नाही. सीटची कड दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसली. मी ओरडत होते, पण त्या आवाजात माझंच मला ऐकू येत नव्हतं. बाबांचं लक्ष फक्त गिअरवर होतं. त्यांनी वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडून दिला.

गाडीने पुढे हिसका घेतला. दार माझ्या हातातून सुटलं. कठड्यापासून हातभर अंतरावर इंजिन गचके देत बंद पडलं.

बाबांनी मान वळवली तेव्हा आई त्यांना दिसली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू काऊन नाही उतरली?"

"तुमी कुठं उतरले?" आई म्हणाली.

स्टीअरिंगवर डोकं टेकून बाबा रडू लागले, आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत तशीच गाडीत बसून राहिली.