काळा अंगठा

हाताला राख चोळून आम्ही दोघं भाजलेले काजू फोडत बसलो होतो. बायकोबरोबरचं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्या दुपारी ती म्हणाली होती, "सही करा मरे. चेडू शिकांदे."

चेडू म्हणजे आमची नात. आई-बाप नाहीत, आम्हीच वाढवली. कणकवलीच्या लॉ कॉलेजात तिला जागा मिळालेली. फॉर्मवर पालकाची सही हवी होती.

मी म्हटलं, "वकील होऊन काय करतला? काजूच फोडतला."

खोटं कशाला बोलू? मला नातीचा हेवा वाटायचा. मी दुसरीत शाळा सोडली. सही बायकोने शिकवली, याच राखेत बोट धरून. आणि ही काल जन्मलेली पोर कोर्टात बोलणार!

बाराव्यानंतर गावच्या शाळेत त्याच कॉलेजच्या पोरांचं शिबिर लागलं. लोकांचे अर्ज फुकट भरून देत होते. घर बायकोच्या नावावर, ते माझ्या नावावर करायचं म्हणून गेलो. टेबलामागे काळा कोट घातलेला पोरगा. ज्यांच्या बागेत मी जन्मभर काजू वेचले, त्यांचा नातू. इस्त्रीचा कोट. त्याचाही हेवा वाटला.

अर्ज भरून झाला. मी पेनाला हात घातला. त्याने माझा अंगठा बघितला. काजू फोडताना टरफलाच्या तेलाने काळा झालेला. ते डाग कातडी निघेपर्यंत जात नाहीत.

"शाई लागलेलीच आहे. दाबा इथे."

"माका सही येता."

"आजोबा, कागद फुकट घालवाल. मागे लाईन थांबलीय."

माझं मनगट धरून त्याने अंगठा कागदाकडे नेला. मागचे हसले.

तो काळा रंग शाई नव्हती. माझ्या बायकोची शेवटची दुपार होती ती.

मी हात हिसकला. "सोड. मी तुज्या आज्याचो गडी होतंय. तुजो न्हय." अर्ज तिथेच टाकून घरी आलो. मग कळलं, नातीचं मीही तेच करत होतो. तिचा हात धरून अंगठ्यावर आणत होतो.

हेवा गेला नाही. जाऊ पण नये. त्या कोटासमोर माझ्या नातीचा कोट उभा राहिलेला मला बघायचाय.

सकाळी नातीला घेऊन पहिली एसटी पकडली. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने माझा हात बघून शाईचा पॅड पुढे सरकवला. मी तो मागे ढकलला. पेन घेतलं. नातीच्या फॉर्मवर एकेक अक्षर काढलं, काना-मात्रेसकट.

मागे लाईन थांबली होती.

थांबू दिली.